सरडे-पालींच्या कुळांची नावं कशी वाचायची

सगळ्यात आधी नावाची शेपटी बघा. शेवटी 'इडी' असेल तर ते कुळ म्हणजे फॅमिली, 'इनी' असेल तर उपकुळ. आता 'इडी' काढून टाकली की ज्या जीनसवरून (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) कुळाला नाव पडलं तो बहुतेक लगेच कळतो, व्हॅरॅनिडी मधून व्हॅरॅनस म्हणजे घोरपडी, अगामिडी मधून अगामा म्हणजे एक प्रकारचे सरडे.

मग दोन शब्दांचं नाव, त्यात पहिला जीनस आणि दुसरा स्पीशीज म्हणजे जात हे सगळ्यांना माहीत असतंच, पण पुढचा कंस कोणी बघत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. नेहमीच्या बागेतल्या सरड्याचं नाव कॅलोटीस व्हर्सिकलर (दोदँ, १८०२) असं लिहितात. कंस आहे याचा अर्थ दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये नाव दिलं तेव्हा जीनस वेगळा होता, त्याने तो अगामात टाकला होता, नंतर कोणीतरी हलवला. कंस नसेल तर जीनस पहिल्यापासून तोच.

आता कोण कोणाचं नातेवाईक हे ठरवताना दिसण्यावर अजिबात जाऊ नका. पाय नाहीत म्हणून सगळे एका गटात असं होत नाही, कारण पाय बऱ्याच वेळा वेगवेगळ्या शाखांत नाहीसे झालेत, ऑस्ट्रेलियातले पायगोपोडिडी तर सापासारखे दिसतात पण नात्याने पालींचे भाऊबंद! त्यापेक्षा दात बघा. अगामा आणि रंग बदलणारा शॅमेलिऑन यांचे दात जबड्याच्या कडेवरच बसलेले असतात, इग्वानाचे आतल्या बाजूला चिकटलेले, म्हणून शॅमेलिऑन इग्वानापेक्षा अगामाला जवळचा. पापण्या पण कामाच्या, बहुतेक पालींना हलणारी पापणी नसते, जिभेने डोळा पुसतात, पण लेपर्ड गेको नावाचा पालींचा भाऊबंद चक्क डोळे मिटतो म्हणून त्याचं कुळ वेगळं, युब्लेफॅरिडी.

डीएनए आल्यावर मात्र बराच गोंधळ उडाला. आधी शरीररचनेवरून इग्वाना मंडळी सरड्यांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुडाशी धरायचे, डीएनएने त्यांना घोरपडी आणि सापांच्या शेजारी नेऊन बसवलं. हो, साप सरड्यांच्या वंशवृक्षातच येतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातला 'सरडे' हा वेगळा उपगण म्हणजे सबऑर्डर आता कोणी फारसा मानत नाही. आणि न्यूझीलंडचा टुआटारा दिसतो सरड्यासारखा पण त्याचा गणच निराळा.

कुठलीही यादी वापरताना तिचं साल बघा. १९८९ मध्ये मोठ्या इग्वानिडीचे आठ तुकडे केले गेले, पुढे त्यातूनही आणखी कुळं वेगळी काढली गेली, त्यामुळे अ‍ॅनोल हा अमेरिकेतला छोटा सरडा एका यादीत इग्वानिडीत आणि दुसरीकडे डॅक्टिलॉइडीत सापडला तर दोन्ही चालतं, फक्त एकाच लेखात दोन्ही मिसळू नका.