नव्या गीतकाराने रॉयल्टीसाठी कोणत्या संस्थेचे सभासद व्हावे?

संस्था निवडण्याआधी आपला हक्क नेमका कशावर आहे, हे पाहावे. गाण्याचे शब्द आणि चाल यांवरील हक्क वेगळा, गायकाचा सादरीकरणाचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा त्याहून वेगळा. शब्द लिहिणाऱ्याने आणि चाल बांधणाऱ्याने १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, सभासद व्हावे. गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीचे नाव इस्रा) ही स्वतंत्र संस्था आहे. स्वतःच लिहून, चाल लावून गाणाऱ्याला दोन्हींकडे अर्ज करावा लागतो. गाणे डिजिटल मंचांवर पोहोचवणारा वितरक ध्वनिमुद्रणाचे पैसे देतो, त्यावरून गीतकाराची रॉयल्टीही आली असे समजू नये.

भारतीय कायदा एका प्रकारच्या कृतींसाठी सहसा एकच कॉपीराइट सोसायटी, म्हणजे हक्कधारकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था, नोंदवतो, त्यामुळे येथे निवडीला फारसा वाव नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी गीतकाराला मात्र ॲस्कॅप किंवा बीएमआय या तिथल्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांपैकी एक निवडावी लागते, कारण गीतकार म्हणून एका वेळी दोन्हींचे सभासद होता येत नाही. शिवाय या संस्था फक्त गाणे जाहीरपणे वाजवण्याची किंवा सादर करण्याची रॉयल्टी गोळा करत असल्याने स्ट्रीमिंगच्या यांत्रिक, म्हणजे गाण्याची प्रत करण्याच्या, हक्कांसाठी 'द एमएलसी' या वेगळ्या अमेरिकन संस्थेकडे नोंद करावी लागते. एकाच प्रदेशासाठी तोच हक्क दोन संस्थांना देऊ नये.

खरी काळजी करारात घ्यावी. चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचा कॉपीराइट निर्मात्याकडे गेला, तरी चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतील समान वाट्याचा गीतकार-संगीतकारांचा हक्क भारतीय कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. 'सर्व हक्क कायमचे' असे कलम पुढे आले, तर घाबरून जाऊ नये; पण ते न वाचता सहीही करू नये.

अर्जापूर्वी पॅन, बँकेचा तपशील आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा पुरावा जवळ ठेवावा. नावाचे रोमन स्पेलिंग सर्वत्र एकच असावे आणि टोपणनावाने लिहीत असल्यास तेही नोंदवावे, कारण नावे जुळली नाहीत की पैसे अडकतात. सभासदत्व मिळाले म्हणजे गाणी आपोआप नोंदली जात नाहीत. प्रत्येक गाण्याचे शीर्षक, लोकांच्या तोंडी असलेला मुखडा पर्यायी शीर्षक म्हणून, आणि प्रत्येकाचा वाटा स्वतः भरावा लागतो. वाटे ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात; गाणे गाजल्यावर तो विषय काढणे फार अवघड जाते.

तुकोबांच्या अभंगाला नवी चाल लावली असेल, तर शब्दांवर कोणाचाच कॉपीराइट उरलेला नसल्याने फक्त चालीचा वाटा नोंदवावा. हयात कवीची किंवा निधनाला साठ वर्षे न झालेल्या कवीची कविता घेतल्यास मात्र कवीची, अथवा हक्क ज्यांच्याकडे असेल त्यांची, लेखी परवानगी आधी घ्यावी.