लिव्हरचा सिटी करताना

बेळगावात स्कॅन सेंटरला नवीन लागलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "लिव्हरच्या कॅन्सरला स्कॅनिंग, सिटी की एमआरआय, कुठलं भारी?" मीही खानापूरहून रोज बसने ये-जा करत शिकत होतो तेव्हा हेच विचारलं होतं. आता मी उलट विचारतो, पेशंटची फाईल बघितलीस का?

सिरोसिस (लिव्हर आकसून कडक होणं) किंवा जुनी हिपॅटायटिस बी असणाऱ्याला दर 6 महिन्यांनी पोटाचं स्कॅनिंग, म्हणजे सोनोग्राफी करतात, बरोबर रक्तातली एएफपी, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची तपासणी. स्वस्त आहे, किरणं नाहीत, निपाणी-चिकोडीतच होऊन जातं. पण त्यात गाठ आहे एवढंच कळतं. पोट जाड असलं, गॅस असला की लहान गाठ निसटतेही.

गाठ 1 सेंमी किंवा मोठी निघाली की शिरेतून डाय (स्कॅनमध्ये रक्त उजळ दाखवणारं औषध) देऊन सिटी किंवा एमआरआय. इथलं वर्म नीट समजून घ्या. लिव्हरला सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून येतं, बाकीचं आर्टरीतून, म्हणजे धमनीतून. लिव्हरमध्येच उपजणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरची गाठ मात्र आर्टरीवर पोसते. म्हणून डाय सोडल्यावर 35-40 सेकंदांनी ती उजळते, आणि पुढच्या फेजमध्ये, म्हणजे थोड्या वेळाने काढलेल्या चित्रांत, आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळवंडते. त्याला वॉशआउट म्हणतात. सिरोसिसच्या पेशंटमध्ये हे दोन्ही स्पष्ट दिसलं तर बहुतेकदा बायोप्सीचीही गरज पडत नाही. सिरोसिस किंवा हिपॅटायटिस बी नसेल तर ही सूट नाही. फाईल बघायची ती यासाठी.

माझ्या पहिल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्याच एक आजी आल्या होत्या. मी माइकवरून म्हणालो, "आजी, दम धरा." त्यांना वाटलं, जरा थांबायला सांगतोय. त्या शांत पडून राहिल्या, श्वास चालूच. आर्टेरियल फेज, म्हणजे ती 35-40 सेकंदांची चित्रं, हलली, गाठीची कड दुहेरी आली. ती वेळ गेली की गेली. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन काठावर होतं, त्यामुळे लगेच पुन्हा डाय देता येईना. पोराचा एक रोजगार बुडालाच होता, पुढच्या खेपेला दुसरा बुडाला. ते मला अजून लागतं. दुसऱ्या सिटीत गाठ कडेकडेने ठिपक्यांसारखी उजळून हळूहळू आत भरत गेली. हेमँजिओमा होता, साधी रक्तवाहिन्यांची गाठ.

तेव्हापासून मी टेबलाशेजारी उभा राहून, पेशंटच्या पोटावर हात ठेवून तीनदा करवून घेतो. "मोठा श्वास घ्या, तोंड मिटा, आत कोंडून धरा." कन्नड बोलणारे असतील तर "उसिरु बिगी हिडीरी."

2 सेंमीहून लहान गाठी एमआरआयमध्ये जास्त सापडतात, आणि किरणंही नाहीत. गॅडोक्सेटेट हा लिव्हरच्या पेशींत शिरणारा डाय दिला तर 20 मिनिटांनी चांगलं लिव्हर उजळतं, कॅन्सरची गाठ बहुधा काळी राहते. पण पोटात पाणी झालेल्या, धाप लागणाऱ्या माणसाला सारखा सारखा श्वास कोंडणं झेपत नाही. अशा वेळी हललेल्या एमआरआयपेक्षा नीट काढलेला सिटी कधीही बरा, असं माझं ठाम मत आहे.

नातेवाईक पेट स्कॅन मागतात. त्यात किरणोत्सारी ग्लुकोज टोचून ते कुठे साठतं ते बघतात. या कॅन्सरच्या पुष्कळ गाठी ते ग्लुकोज फारसं उचलतच नाहीत, तेव्हा नेहमीचा पेट निदानासाठी भरवशाचा नाही.

आणि फॉर्मवर नुसतं "पोटाचा सिटी" लिहून आलं, फाईलमध्ये मात्र सिरोसिस दिसला, तर पेशंटला टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. साधा सिटी बहुधा एकाच फेजचा निघतो, आणि त्यात ही गाठ बाजूच्या लिव्हरसारखीच दिसून सुटू शकते.