शिफारसपत्र आलं नाही? आधी ते कुठे अडकलंय ते बघा

एसओपी (कशासाठी शिकायचंय ते सांगणारा निबंध) झाला, ट्रान्सक्रिप्ट चढवलं, फी भरली. मुदत उद्यावर आली आणि पोर्टलवर तीनपैकी एका नावापुढे अजूनही पत्र बाकी दिसतंय. दर डिसेंबरात मास्टर्स-पीएचडीचे अर्ज भरणारे ज्युनिअर्स मला हमखास विचारतात, "अर्ज सबमिट करू की पत्र येईपर्यंत थांबू?"

थांबू नका. तुमचा भाग वेळेत गेला असेल, तर बरेच विभाग पत्रं मुदतीनंतरही काही दिवस घेतात, कारण समिती अर्ज वाचायला बसते तीच मुळात नंतर. पत्राची वाट बघता बघता पोर्टल बंद झालं, तर मात्र हातात काहीच उरत नाही. ही सवलत सगळीकडे नसते. स्कॉलरशिप आणि फेलोशिपवाले पुष्कळदा एक दिवसही पुढे ढकलत नाहीत. विभागाच्या एफएक्यूमध्ये हे बहुधा लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. काही पोर्टल्स शिफारस करणाऱ्यांना लिंक पाठवतात तीच मुळी तुम्ही अर्ज सबमिट केल्यावर. म्हणजे तुम्ही सरांच्या पत्रासाठी थांबलेले आणि सर लिंकसाठी!

म्हणून सरांना मेल करण्याआधी स्टेटसचं पान नीट बघा. ईमेल पत्त्यात एखादं अक्षर चुकलंय का? लिंक स्पॅममध्ये गेली असेल का? पत्र अपलोड झालंय, पण पुढचा तक्ता राहिलाय, असंही होतं. विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत आहे की १० टक्क्यांत, असे रकाने असलेल्या तक्त्यातलं काही सुटलं की फॉर्म पुढे सरकत नाही. सर समजतात पत्र गेलं, आणि ते तिथेच पडून राहतं.

आठवण करून देताना सरांचं काम कमी होईल असं बघा. आठ-दहा ठिकाणी अर्ज केलेत तर तेवढ्याच लिंका त्यांच्या इनबॉक्समध्ये आहेत, आणि तुमच्यासारखे आणखी विद्यार्थीही. मी असा मेल सुचवते: "सर, नमस्कार. बाकी सगळीकडची पत्रं पोचली, मनापासून आभार. अमुक युनिव्हर्सिटीचं एक राहिलेलं दिसतंय, मुदत १५ डिसेंबर आहे. लिंक आत्ताच पुन्हा पाठवली आहे, कदाचित स्पॅममध्ये असेल. माझा सीव्ही आणि आपल्याकडे केलेल्या प्रोजेक्टचे मुद्दे सोबत जोडले आहेत." एवढं पुरे. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटा. मुदत कुठल्या टाइम झोनची आहे तेही सांगा.

मुदत टळलीच, तर विभागाच्या अॅडमिशन्स कोऑर्डिनेटरला दोन ओळी लिहा: अर्ज वेळेत दिलाय, एक पत्र येतंय, कधीपर्यंत चालेल? हा प्रश्न त्यांना नवा नसतो. समितीवरच्या प्राध्यापकांना मात्र यासाठी लिहू नका.

कुणी "तूच लिही आणि तूच लिंकवरून चढव" म्हटलं, तर कितीही घाई असली तरी ते करू नका. अमेरिकेत १९७४च्या फर्पा (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या) कायद्याने मिळणारा पत्र बघण्याचा हक्क बहुतेक अर्जदार सोडून देतात, ते पत्र मोकळेपणाने लिहिलंय असा भरवसा समितीला मिळावा म्हणून. स्वतः चढवलेलं पत्र ही सरळ फसवणूक आहे आणि ती उघडकीस आली तर मिळालेला प्रवेशही जातो. मुद्दे काढून द्या, पत्र त्यांना लिहू द्या.

चौथ्या व्यक्तीला अर्ज भरायला घेतानाच विचारून ठेवा. बऱ्याच पोर्टल्सवर सबमिट केल्यानंतरही नाव बदलता येतं. पण बदलण्याची घाई नको. उशिरा आलेलं पत्र चालत असेल, तर थीसिसच्या गाइडचं चार दिवस उशिराचं पत्र मला वेळेत आलेल्या "ही विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती" छापाच्या पत्रापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. गाइडशी बोलणंच होत नसेल, तर मात्र चौथ्या नावाला लगेच लिंक पाठवा आणि पहिल्या सरांना तसं कळवा, म्हणजे नंतर त्यांची मेहनत वाया जायची नाही.