चाचणी आवृत्तीतून विंडोज फुकट मिळवताना या चुका टाळा

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून पुण्यातल्या घरांत, शिकवणी वर्गांत आणि लहान कचेऱ्यांत एक सल्ला वारंवार दिला जातो: विंडोज इन्सायडर कार्यक्रमात (नव्या विंडोजच्या चाचणी आवृत्त्या आधी वापरून पाहण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या योजनेत) नाव नोंदवा, म्हणजे नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी मिळेल आणि तीही फुकट. आवृत्ती आधी मिळते, याबद्दल वाद नाही. परंतु ज्याच्याकडे अस्सल परवाना आहे आणि ज्याचा संगणक पात्र आहे, त्याला विंडोज ११ चे अपग्रेड कोणतीही चाचणी न करता विनामूल्यच मिळते. आणि ज्याच्याकडे परवाना नाही, त्याला वर्षभर चाचणी करूनही तो मिळत नाही. ही गोष्ट आधी नीट ध्यानात न घेतल्यामुळे पुढच्या बहुतेक अडचणी उभ्या राहतात.

चाचणी म्हणजे परवाना, असे समजणे

या गैरसमजाला इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या शरद ऋतूत इन्सायडर कार्यक्रम सुरू केला आणि विंडोज १० ची कच्ची आवृत्ती कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली केली. जून २०१५ मध्ये कंपनीने चाचणीकर्त्यांसाठी जे निवेदन काढले, त्यातून असा अर्थ निघत होता की चाचणी आवृत्ती चालवणाऱ्या प्रत्येकाला अंतिम विंडोज १० मिळेल आणि ती सक्रिय राहील. एक्सपी आणि व्हिस्टा या विंडोजच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना साहजिकच आनंद झाला. त्यानंतर थोड्याच काळात तो मजकूर सुधारण्यात आला आणि स्पष्ट करण्यात आले की परवाना अस्सल विंडोज ७ किंवा ८.१ वरून आलेल्यांनाच मिळेल. इतरांना चाचणी आवृत्तीच चालवत राहावी लागेल, जिची मुदत ठरावीक काळाने संपते. २९ जुलै २०१५ रोजी अंतिम आवृत्ती बाहेर आली, पात्र संगणकांना ती फुकट घेण्यासाठी वर्षभराची मुदत मिळाली, आणि तरीही ‘चाचणी केली की विंडोज फुकट’ हा समज मात्र तोंडोतोंडी टिकून राहिला.

आज करायचे काम असे की, चाचणीचा विचार मनात येण्याआधी सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशन हे पान (विंडोज १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त, विंडोज ११ मध्ये ‘सिस्टिम’मध्ये) उघडून तिथले वाक्य शब्दशः वाचावे. डिजिटल परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला आहे, असे लिहिलेले असेल तर परवान्याची चिंता नाही. पुढे संगणक फॉर्मॅट करावा लागला तरी तोच परवाना परत मिळतो. डिजिटल परवाना आहे पण खात्याशी जोडलेला नाही, असे दिसले तर आधी खात्याने साइन इन करून तो जोडून घ्यावा. मात्र घरच्या संगणकावर ‘संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे सक्रिय’ अशा अर्थाचे वाक्य दिसले, तर सावध व्हायला हवे. ही पद्धत मोठ्या कंपन्या आणि महाविद्यालयांसाठी आहे, तिची मुदत १८० दिवसांची असते आणि ती परत परत नूतनीकृत होत राहते. घरगुती यंत्रावर ती दिसण्याचा अर्थ बहुधा इतकाच की, संगणक असेंबल करून देताना कोणीतरी ‘विंडोज टाकून दिली’ आणि तिचे पैसे बिलात कधी आलेच नाहीत. अशा यंत्रावर चाचणी आवृत्ती चढवली तरी परवाना उगवत नाही. जुना संगणक विकत घेताना बिलावर विंडोजचा परवाना वेगळा लिहून मागावा, आणि दुकानातून निघण्याआधी हे पान तिथेच उघडून पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

एक छोटी बाब आवृत्तीच्या प्रकाराची. विंडोज होम आणि प्रो अशा दोन प्रकारांत येते; होमचा परवाना होमलाच लागू होतो आणि प्रोचा प्रोला. चाचणीची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्यासाठीची फाइल) उतरवून प्रो बसवली आणि हातात परवाना होमचा असला, तर ॲक्टिव्हेशन होणार नाही, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

यंत्र पात्र नसताना चाचणीच्या मार्गाने पुढे जाणे

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसरमधील तशी सोय), सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा), किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. २०२१ मध्ये पहिल्या चाचणी आवृत्त्या आल्या, तेव्हा आधीपासून डेव्ह चॅनेलमध्ये (चाचणीच्या एका गटात) असलेल्या काही अपात्र संगणकांनाही त्या मिळाल्या होत्या. पुढे अंतिम आवृत्ती जवळ आली, तेव्हा अशा यंत्रांना विंडोज १० नव्याने बसवून माघारी जाण्यास सांगण्यात आले. तात्पुरती मिळालेली ही सवलत कायमची आहे असे मानून ज्यांनी कामाचा संगणक त्यात घातला होता, त्यांना सगळे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागले.

कित्येक असेंबल केलेले संगणक मात्र मुळात पात्र असतात आणि केवळ बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंग्जमधील) टीपीएमचा पर्याय बंद असल्यामुळे अपात्र ठरतात. इंटेलच्या मदरबोर्डवर हा पर्याय पीटीटी या नावाने असतो आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने. तो चालू करून पात्रता तपासणारे मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक पुन्हा चालवून पाहावे. बरेचदा अडचण इथेच मिटते आणि चाचणीत शिरण्याचे कारणच उरत नाही. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करण्याच्या सोयीने) कूटबद्ध असेल तर बायोसमध्ये टीपीएमला हात लावण्याआधी तिची रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा आकडा) लिहून घेतलेली असली पाहिजे. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

एकुलत्या एक कामाच्या संगणकावर चाचणी

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तके, पत्रिका आणि प्रश्नपत्रिका जुळवून देणारे अनेक डीटीपी व्यावसायिक आहेत. त्यांच्या संगणकांवर वर्षानुवर्षे साठलेल्या फाइली जुन्या, युनिकोडपूर्व (आजच्या सर्वमान्य लिपी-संकेताआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये असतात आणि असे कित्येक मराठी सॉफ्टवेअर यूएसबीला लावलेल्या डोंगलवर (सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण असलेल्या छोट्या उपकरणावर) चालते. डोंगलचा ड्रायव्हर (त्याला विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो. नव्या विंडोजमध्ये कोअर आयसोलेशन या विभागात मेमरी इंटिग्रिटी नावाची एक सुरक्षा असते, आणि ती चालू असली की जुना, विसंगत ड्रायव्हर लोडच होत नाही. बाहेरून दिसते ते एवढेच की, डोंगल लावलेले आहे, पण सॉफ्टवेअर ‘डोंगल सापडले नाही’ असे म्हणत बसते. मग केबल बदलली जाते, पोर्ट बदलला जातो, डोंगल पुसून पुन्हा लावले जाते, आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असते. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणासमोर पिवळे चिन्ह आहे का, आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये विसंगत ड्रायव्हरांच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे पाहावे. नाव असेल तर उत्पादकाकडून नवा ड्रायव्हर मागणे हाच सरळ उपाय आहे. सुरक्षा बंद करून काम भागवणे शक्य असते, पण ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी तसे करणार नाही.

कर सल्लागारांचीही अडचण अशीच असते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही ड्रायव्हरच्या आधारानेच चालते, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ३बी विवरणपत्राची २० तारीख चाचणी आवृत्तीसाठी थांबत नाही. ज्या संगणकाविना दोन दिवस काढता येत नाहीत, त्याच्यावर चाचणी आवृत्ती बसवू नये. घरात पडून असलेला जुना पण पात्र लॅपटॉप, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेल्या स्वतंत्र एसएसडीवर केलेले इन्स्टॉलेशन, किंवा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमधील आभासी संगणक, या तीन जागा चाचणीसाठी योग्य आहेत. स्वतंत्र एसएसडी वापरताना मूळ डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे इन्स्टॉलेशन चुकूनही तिच्यावर जाणार नाही.

चॅनेल न वाचता निवडणे

चाचणी आवृत्त्या किती ताज्या मिळाव्यात, हे ठरवणाऱ्या गटांना चॅनेल म्हणतात. पूर्वी त्यांना फास्ट आणि स्लो रिंग म्हणत. २०२० मध्ये रिंगांच्या जागी चॅनेल आले आणि डेव्ह, बीटा, रिलीज प्रिव्ह्यू व नंतर कॅनरी अशी नावे रूढ झाली. नावे बदलत आली आहेत, त्यामुळे निवड करतेवेळी पडद्यावरचे वर्णनच वाचावे. तत्त्व मात्र एकच राहते: जितकी आवृत्ती ताजी, तितकी ती कच्ची आणि तिच्यातून बाहेर पडणे तितके अवघड. रिलीज प्रिव्ह्यू आणि बीटामध्ये असताना ‘पुढची आवृत्ती सर्वांना मिळाली की नोंदणी रद्द करा’ हा पर्याय चालू ठेवला तर फॉर्मॅट न मारता बाहेर येता येते. कॅनरीसारख्या टोकाच्या चॅनेलमधून मात्र विंडोज नव्याने बसवूनच बाहेर पडता येते, कारण संगणकावरील बिल्डचा (आवृत्तीच्या विशिष्ट घडणीचा) क्रमांक सार्वजनिक आवृत्तीच्या पुढे गेलेला असतो आणि विंडोज मागच्या क्रमांकावर स्वतःहून उतरत नाही. काही लोक सेटिंग्जमध्ये नोंदणी रद्द करतात, चाचणी संपली असे समजतात आणि महिनोन्‌महिने अपडेटविना त्याच बिल्डवर राहतात. तसे राहिल्यास बिल्डची मुदत संपते. आधी सूचना येतात, मग संगणक काही तासांनी आपोआप रीस्टार्ट होऊ लागतो आणि शेवटी सुरूच होत नाही.

ही मुदत पाहण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत विनव्हर असे टाइप करावे (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर). उघडणाऱ्या खिडकीत बिल्डचा क्रमांक आणि चाचणी आवृत्ती असल्यास ती कधी संपणार ती तारीख दिसते. ही तारीख कागदावर लिहून संगणकाजवळ लावून ठेवावी.

परतीची तयारी न करता निघणे

अपग्रेडनंतर जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय सेटिंग्जमधील रिकव्हरी या पानावर ‘गो बॅक’ या बटणाने मिळते, पण ती साधारणपणे १० दिवसच असते. पूर्वी हा अवधी ३० दिवसांचा होता आणि २०१६ मध्ये तो कमी करण्यात आला, त्यामुळे जुने मार्गदर्शन वाचून महिनाभर निश्चिंत राहणाऱ्यांची फसगत होते. या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप चालवून जागा मोकळी करू नये. विंडोज.ओल्ड नावाचे फोल्डर भलेमोठे दिसते म्हणून हात त्याच्याकडेच जातो, आणि ते पुसले की ‘गो बॅक’चा पर्याय संपतो.

वनड्राइव्हवर बॅकअप आहे, एवढ्यावर विसंबू नये. फुकट खात्यात ५ जीबी जागा असते आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे डेटा फोल्डर बहुधा त्यात जातच नाही. ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावरच बॅकअप झाला असे म्हणावे. शिवाय किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सध्याच्या स्थिर विंडोजचे इन्स्टॉलेशन आधीच तयार करून ठेवावे, कारण संगणक बंद पडल्यावर ते तयार करायला दुसऱ्याचा संगणक मागावा लागतो.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, हे अनेकांना निळा पडदा समोर आल्यावरच कळते. ती आधीच पाहून वहीत उतरवावी. खाते मुलाने किंवा दुकानदाराने उघडून दिलेले असेल तर त्याचा पासवर्डही आपल्याला ठाऊक असला पाहिजे.

पुण्यात आणखी एक पथ्य पाळावे. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहण्याची शक्यता अधिक असते, आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपग्रेड अर्धे झालेले असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडूनच काम सुरू करावे.

समोर दिसणारी लक्षणे आणि त्यांचे अर्थ

इन्सायडरच्या पानावर नोंदणीचे बटण निष्क्रिय दिसत असेल, तर ऐच्छिक निदान माहिती पाठवण्याची परवानगी बंद असण्याची शक्यता मोठी आहे. ही परवानगी चाचणीची अट आहे आणि ती दिल्यावर संगणकाच्या वापराची बरीच माहिती कंपनीकडे जाते, त्यामुळे अशिलांची कागदपत्रे असलेल्या यंत्रावर ती देण्यापूर्वी विचार करावा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बिल्ड क्रमांकाचा वॉटरमार्क दिसणे हे कच्च्या आवृत्तीचे लक्षण आहे, परवाना नसल्याचे नव्हे. तो घालवणारी छोटी सॉफ्टवेअर कोणी पाठवली तरी बसवू नयेत. यंत्र कोसळल्यावर पडदा हिरवा येत असेल तर आपण चाचणी आवृत्तीवर आहोत, एवढेच त्यातून समजावे.

मॅक आणि फोनच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. ॲपलच्या मॅकची कार्यप्रणाली २०१३ पासून फुकटच आहे आणि पिक्सेल फोनला अँड्रॉइडची अपडेट्स फुकटच मिळतात, त्यामुळे तिथे चाचणीने पैसे वाचत नाहीत. पिक्सेलवर बीटामधून मध्येच बाहेर पडल्यास फोनमधील सगळी माहिती पुसली जाते, हे मात्र नोंदणीपूर्वी माहीत असावे.

अपात्र संगणकासाठी खरोखर फुकट असलेले पर्याय विसरणे

विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर असलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विस्तारित सुरक्षा अपडेट्स मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने केली आहे. संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्यास त्यासाठी पैसे लागत नाहीत; एरवी ३० डॉलर किंवा १००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स गुण लागतात. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि युनिकोड मराठी लेखन यांत भागते, त्यांनी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहावी.

चाचणी करून अभिप्राय न देणे

इतके सगळे पाहूनही ज्यांच्याकडे वेगळे यंत्र आहे आणि उत्सुकता आहे, त्यांनी चाचणी जरूर करावी, पण मग अभिप्राय द्यावा. विंडोज आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की फीडबॅक हब उघडते. मराठीच्या तक्रारी तिथे मराठी लिहिणाऱ्यांनीच नोंदवायला हव्यात, कारण ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक पडद्यावर नाहीसा झाला तर तो चटकन आपल्याच डोळ्यांना खुपतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच लिहून उपयोग होत नाही. कोणता कीबोर्ड लेआउट निवडला होता, कोणत्या क्रमाने कळा दाबल्या, कोणत्या फॉन्टमध्ये आणि कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय उमटले, काय उमटायला हवे होते, बिल्डचा क्रमांक किती, हे लिहून सोबत पडद्याचे चित्र जोडावे. तीच तक्रार आधी कोणी नोंदवलेली असेल तर नवी न लिहिता तिला अनुमोदन द्यावे आणि आपला तपशील तिच्याखाली जोडावा.