किडनीच्या आजारात डाळी-कडधान्यं: पोटॅशियम कसं पारखायचं

किडनीचा आजार निघाला की पोटॅशियम वाढेल म्हणून ‘डाळी, राजमा, सोयाबीन बंद’ अशी सरसकट यादी हातात पडते आणि माणूस उगाच घाबरतो. नुसता पोटॅशियमचा आकडा पाहून काही ठरत नाही. त्यासोबत प्रथिनं किती मिळतात, ते पाहायचं.

हिशोब सोपा आहे: १०० ग्रॅममधलं पोटॅशियम (मिलिग्रॅम) भागिले प्रथिनं (ग्रॅम). शिजवलेल्या राजम्यात साधारण ४०० मिग्रॅ पोटॅशियम आणि ८.७ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅममागे ४६. मसूर ४१, हरभरे ३३, शेंगदाणे २७, घट्ट टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) जेमतेम १४. उकडलेला बटाटा मात्र २०० च्या आसपास जातो, कारण त्यात प्रथिनं नावालाच. आता ताटात बघा. १३ ग्रॅम प्रथिनांसाठी राजमा दीडशे ग्रॅम लागेल आणि सोबत ६०० मिग्रॅ पोटॅशियम येईल; टोफू ७५ ग्रॅम पुरेल, पोटॅशियम १८० मिग्रॅ.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोरड्या डाळीचा आकडा शिजवलेल्या वाटीला लावणं. कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला पावणेसातशे मिग्रॅ असतं, शिजल्यावर पाणी शोषून तेच ३७० होतं. तक्ता कच्च्याचा की शिजवलेल्याचा, हे आधी वाचा.

कडधान्य रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात शिजवा आणि तेही निथळून टाका. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. त्यामुळे तेच पाणी आटवून रस्सा केला, तर सगळी मेहनत वाया. डब्यातले शिजवलेले हरभरे निथळून धुतले तर घरी शिजवलेल्यांपेक्षा पोटॅशियम बरंच कमी भरतं. मीठ तेवढं तपासा.

खरी गोम पाकीटबंद पदार्थांत असते. अख्ख्या कडधान्यातलं पोटॅशियम पेशींच्या भिंतीआड असतं, सगळं शोषलं जात नाही. मिसळलेलं पोटॅशियम क्लोराइड किंवा पोटॅशियम फॉस्फेट मात्र जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. ‘कमी सोडियम’चं मीठही याच जातीचं. सोया आयसोलेट पावडरीचंही (सोयाबीनमधून वेगळ्या काढलेल्या प्रथिनांची पावडर) तसंच: बनवताना सोडियमचा क्षार वापरला तर १०० ग्रॅममध्ये ८० मिग्रॅ, पोटॅशियमचा वापरला तर दीड हजारांवर. पुढच्या बाजूला नाव दोन्हींवर एकच, म्हणून पाकीट उलटं करून मागची यादी वाचा.

प्रथिनांची मर्यादा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. मधुमेह नसलेल्या, डायलिसिसवर नसलेल्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज ०.५५ ते ०.६ ग्रॅम सांगतात, तर डायलिसिसवर १ ते १.२. दोघांचं ताट सारखं असूच शकत नाही.

रक्तातलं पोटॅशियम वाढलं की लगेच डाळीवर खापर फोडू नका. बद्धकोष्ठता, रक्तातलं वाढलेलं आम्ल, अनियंत्रित साखर, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारं एक औषध) यांनीही ते चढतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आकडा ६ च्या वर असेल, किंवा हातपाय गळून छातीत धडधडत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.