पाठ्यपुस्तकातील संकल्पना नाशकात राहून कशा पक्क्या कराव्यात

सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्याला व्याख्या विचारली, तर ती बहुधा बिनचूक येते. अडचण सुरू होते ती त्याच व्याख्येचा दुसऱ्या विषयात उपयोग करायला सांगितल्यावर. विद्युतधारा म्हणजे एकक काळात वाहणारा विद्युतप्रभार, असे विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी 'उत्पन्न' आणि 'संपत्ती' यांत सहज घोटाळा करतो, कारण दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. संकल्पना समजल्याची माझ्या मते एकच भरवशाची खूण आहे: ती ज्या विषयात शिकवली गेली, त्याच्या बाहेर विद्यार्थ्याला ती वापरता आली पाहिजे. पुढील मार्गदर्शन पालकांसाठी आणि घरी शिकवणाऱ्यांसाठी आहे. त्यात मोजक्याच संकल्पना घेतल्या आहेत, आणि त्यांतील पहिलीला मुद्दाम सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण ती विज्ञान, तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या तिन्हींत पुन्हा पुन्हा भेटते आणि तरीही तिच्यासाठी स्वतंत्र धडा कुठेच नसतो.

साठा, प्रवाह आणि पातळी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिकच्या वर्तमानपत्रांत तीन प्रकारचे आकडे एकत्र छापले जातात. धरणात पाणी किती आहे हे दशलक्ष घनफुटांत किंवा टक्क्यांत, विसर्ग किती आहे हे क्युसेकमध्ये, आणि गोदाघाटावर पाणी कुठवर आले हे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेवरून, छातीवरून किंवा गळ्यावरून सांगितले जाते. अशी एक बातमी कापून विद्यार्थ्यासमोर ठेवावी आणि प्रत्येक आकड्याखाली तो साठा आहे, प्रवाह आहे की पातळी आहे, एवढेच लिहायला सांगावे. उत्तर सांगून टाकण्याची घाई करू नये. 'या आकड्यात वेळ दडलेला आहे का?' हा एक प्रश्न विचारावा. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणून तो प्रवाह. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, त्यात सेकंद, तास किंवा दिवस काहीच नाही, म्हणून तो साठा.

यानंतर हिशेब करायला द्यावा, कारण एककाचा आकार हाताला लागल्याशिवाय संकल्पना हवेतच राहते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेकचा विसर्ग सुरू असेल, तर दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी जाते, अर्थात दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, आणि तेही एका सेकंदात. याच वेगाने एक टीएमसी पाणी जायला एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास लागतात. गंगापूर धरणाची क्षमता साधारण साडेपाच टीएमसी आहे. वरून पाण्याची आवक पूर्ण थांबली असे धरले, तर ते किती दिवसांत रिकामे होईल, हे विद्यार्थ्याने स्वतः काढावे. उत्तर सहा-साडेसहा दिवसांच्या आसपास आले की, आवक थांबली असे धरणे पावसाळ्यात कितपत योग्य आहे, हा पुढचा प्रश्न बहुधा तोच विचारतो. न विचारल्यास आपण विचारावा.

पातळीचा मुद्दा थोडा अवघड आहे, आणि तो टाळू नये. विसर्ग दुप्पट झाला म्हणून घाटावरचे पाणी दुप्पट उंच होत नाही. पात्र जिथे रुंद होते तिथे पाणी पसरते आणि जिथे ते आवळते तिथे चढते. शिवाय धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊसही नदीतच येतो, त्यामुळे धरणातून सुटलेले पाणी आणि होळकर पुलाखालून जाणारे पाणी यांचे आकडे वेगळे असतात. दुतोंड्या मारुती हे उत्तम मापक आहे, पण ते पातळीचे मापक आहे, विसर्गाचे नव्हे. हा भेद नववीच्या विद्यार्थ्याला समजला, तर तापमान आणि उष्णता यांतील भेद शिकवण्याचे निम्मे काम झालेले असते.

आता हीच संकल्पना घरात वापरून पाहावी. नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून ती भरायला लागणारा वेळ मोजावा आणि नळाचा प्रवाह दर मिनिटाला किती लिटर आहे ते काढावे. मग विजेचे बिल घ्यावे. वॉट हा ऊर्जेच्या वापराचा दर आहे आणि बिलातले 'युनिट' म्हणजे किलोवॉट-तास ही एकूण खर्च झालेली ऊर्जा आहे. २,००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. इंटरनेटच्या जोडणीत 'एमबीपीएस', म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट, हा प्रवाह आणि 'जीबी' हा साठा. येथे एक खाचखळगा आहे, तो आधीच दाखवून द्यावा: वेग बिटमध्ये सांगितला जातो, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एक जीबीची फाइल उतरायला, जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी, दहा नव्हे तर ऐंशी सेकंद लागतात. सरकारची एका वर्षाची तूट हा प्रवाह आहे आणि सरकारवरील एकूण कर्ज हा साठा आहे. तूट कमी झाली तरी कर्ज वाढतच राहू शकते, हे वाक्य विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत समजावून सांगितले, तर पुढे जायला हरकत नाही.

नागरिकशास्त्राकडे जाण्याची वाटही याच पाण्यातून आहे. गोदावरी नाशिकहून नांदूरमधमेश्वरमार्गे पैठणच्या जायकवाडी धरणात पोहोचते, ज्याची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे गंगापूरच्या अठरा पटींच्या आसपास आहे. पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या मध्याला, जायकवाडीत साठा किती आहे हे पाहून वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही हे ठरते, आणि नाशिक व मराठवाडा यांच्यात दुष्काळी वर्षी वाद पेटतो तो याच मुद्द्यावर. या वाटपाला आधार आहे तो महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वाचा. विद्यार्थ्याला बाजू घ्यायला सांगण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: पावसाळाभर खाली वाहून गेलेले पाणी मोजावे की ठरावीक दिवशी शिल्लक असलेले पाणी, आणि यांपैकी एक निवडल्याने कोणाचा फायदा होतो? घरात याविषयी मते ठाम असतात, हे नाशिककरांना सांगायला नको. म्हणूनच आकडे आधी आणि मत नंतर, हा क्रम पाळावा.

आधी अंदाज, मग मोजमाप

विज्ञानाच्या प्रयोगात विद्यार्थी मोजतो आणि मग त्याला पुस्तकातले उत्तर जुळवून घ्यायची सवय लागते. यावर उपाय एकच आहे: मोजण्यापूर्वी अंदाज कागदावर लिहून तो कागद दुसऱ्याकडे द्यावा. यासाठी गच्चीवरची सावली पुरेशी आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने तपासून उभी करावी आणि दुपारी बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली ही स्थानिक मध्यान्हाची सावली.

पहिला अंदाज वेळेचा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे नाशिकमध्ये सूर्य बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या पुढे माथ्याच्या रेषेत येतो, महिन्यानुसार काही मिनिटे इकडेतिकडे. दुसरा अंदाज लांबीचा. नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर असल्याने २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हाची सावली ३६ सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी आणि २२ डिसेंबरला ९५ सेंटिमीटरच्या आसपास. त्रिकोणमिती न शिकलेल्या विद्यार्थ्याने कोनमापकाने २० अंशांचा कोन काढून, प्रमाणबद्ध आकृतीवरून हीच लांबी मोजावी. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सावली जवळजवळ नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाही तसेच व्हायला हवे, पण त्या दिवसांत नाशिकचे आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते. सावलीची कड नेहमी थोडी पुसट असते, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरचा फरक राहील. तो खोडू नये. फरक आणि त्याचे संभाव्य कारण शेजारी लिहावे.

संगणकाच्या तासालाही हीच शिस्त लावता येते. प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी पडद्यावर काय दिसेल ते वहीत लिहायचे. उत्तर चुकले, तर प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीविषयी आपला समज चुकीचा होता, हे लगेच सापडते. भूगोलात इगतपुरी, नाशिक, सिन्नर आणि येवला अशी नावे पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडून, सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा नियम एवढ्याच आधारावर पावसाचा उतरता क्रम लिहायला सांगावा आणि मग नकाशा उघडावा.

पुरावा कोणाचा, आणि कशाचा

इतिहासाची साधने हा धडा पाठ करण्यापेक्षा पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणे अधिक उपयोगी आहे. त्रिरश्मी डोंगरातील ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. पांडवांशी त्यांचे नाते लोकांनी नंतर जोडले. दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांचे लेख आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याची स्तुती करते आणि त्याने क्षहरात वंशाचा उच्छेद केला असे सांगते. म्हणजे एकाच डोंगरावर जिंकणारे आणि हरणारे, दोघेही आपापली बाजू दगडात कोरून गेले आहेत. शालेय वयात साधनांची चिकित्सा शिकवायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

तेथे विद्यार्थ्याकडून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत: हे कोण सांगत आहे, तसे सांगण्यात त्याचा काय हेतू असू शकतो, आणि याच्याशी संबंध नसलेली दुसरी कोणती गोष्ट याला दुजोरा देते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोंगरावर मिळत नाही. ते सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात आहे. त्यात नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. आता विद्यार्थ्याला विचारावे की या नाण्यांवरून नेमके काय सिद्ध होते. नहपानाचे चलन सातवाहनांच्या हाती आले, हे सिद्ध होते. वंशाचा उच्छेद झाला, हे मात्र नाणी सांगत नाहीत. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच म्हणायचे, हे येथे समजलेला विद्यार्थी प्रयोगवहीतील निष्कर्षही जपून लिहितो, आणि पुराच्या दिवसांत मोबाइलवर फिरणारा 'धरणाचे दरवाजे तुटले' असा संदेशही याच तीन प्रश्नांतून गाळून पाहतो.

कार्यकारणभाव ही संकल्पना मुद्दाम शेवटी घ्यावी, कारण ती वरवर सोपी दिसते आणि तिच्यातच सर्वांत जास्त फसगत होते. लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याची रोजची आवक आणि सरासरी भाव महिनाभर वहीत लिहायला सांगावे. आवक हा प्रवाह आहे. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, ठेवलेला उन्हाळ कांदा हा साठा आहे. लाल कांदा टिकत नाही, म्हणून तो चाळीत न जाता सरळ बाजारात येतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये पुन्हा खुली केली. त्या काळातील जुने बाजारभाव मिळवून, भाव उतरला तेव्हा निर्यातबंदी जाहीर होऊन किती दिवस झाले होते आणि त्याच आठवड्यात लाल कांद्याची आवक किती वाढली होती, हे दोन रकान्यांत शेजारी शेजारी मांडावे. कारणाविषयी एकही वाक्य लिहिण्याआधी या दोन्ही रकान्यांतील तारखा पूर्ण भरलेल्या असाव्यात.