अनवाणी प्रॅक्टिस करताना पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करायचं

कराटे घ्या, तायक्वांदो घ्या, ज्युदो, केन्डो (बांबूच्या तलवारीने खेळायचा जपानी प्रकार) काहीही घ्या, सुरुवातीला अंग दुखणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण क्लास बुडवायला लावतात ते बहुतेक वेळा पायाचे फोड. चवड्याखाली नाहीतर अंगठ्याच्या पोटाला पाण्याचा फोड येतो, पुढच्या क्लासला तो मॅटवरच फुटतो, साल निघते आणि मग धड उभंही राहवत नाही. त्यावर सल्ला ठरलेला, "होईल कातडी जाड, चालू ठेव". हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, कातडी जाड होते हे खरं पण फोड फक्त कातडी नाजूक असल्यामुळे येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी फोड येतो कसा ते बघू. आपल्याला वाटतं जमिनीवर घासून येतो, पण घासून जे होतं ते खरचटणं, फोड वेगळा. एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि बोट न घसरवता पुढेमागे हलवा. बोट कातडीवरून घसरत नाही पण खालची कातडी हाडावरून सरकते, ताणली जाते, दिसलं? तळपायाला हेच होतं. कातडी मॅटला चिकटून बसते, वरून आपलं सगळं वजन, आत हाड वळतं आणि कातडीचे मधले थर ओढले जातात. असं पुन्हा पुन्हा झालं की वरच्या त्वचेच्या आतल्या थरात फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. तळवा आणि तळहात इथली कातडी जाड असते, खाली घट्ट धरलेली असते, म्हणून तिथेच असे फोड जास्त येतात, पातळ कातडी असेल तिथे ती सरळ सोलवटते.

म्हणजे बघायच्या गोष्टी तीनच: पाय जमिनीला किती चिकटतो, हाड किती वळतं आणि हे किती वेळा होतं. बाकी टेप, क्रीम, पावडर सगळं याच तिन्हीपैकी कशावर तरी काम करतं.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक पडतो तो वळण्याच्या पद्धतीने, आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. कराटेची मावाशी गेरी किंवा तायक्वांदोची डोल्यो चागी बघा, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची किक. नवीन माणूस आधी किक सोडतो, किक अर्ध्यात गेल्यावर कंबर अडते आणि मग उभ्या पायाला, म्हणजे ज्यावर उभा आहे त्याला, तो पूर्ण वजनासकट मॅटवर रगडत फिरवतो. चवडा चिकटलेला, हाड फिरतंय, झाला फोड. बरोबर करायचं तर किकच्या आधीचं पाऊल टाकतानाच उभा पाय बाहेरच्या दिशेला थोडा वळवून टाका, म्हणजे पुढे वळायला कमी उरतं. मग टाच जराशी उचला, गुडघा वर येताना अंगही वर जातं, त्या क्षणी पायावरचं वजन हलकं होतं, वळायचं ते तेव्हा, आणि किकचा पाय सरळ होऊन लागायच्या आधी वळणं संपलेलं पाहिजे. भिंतीला हात लावून हे अगदी सावकाश करा, किक उंच गेली नाही तरी चालेल, लक्ष फक्त खालच्या पायावर ठेवा. गुडघ्यासाठी पण हेच चांगलं आहे, कारण पाय अडकलेला असताना कंबर फिरली की तो पीळ गुडघ्यात जातो.

फोड कुठे आलाय यावरून बरंच कळतं. अंगठ्याच्या मुळाशी चवड्यावर आला तर बहुतेक वेळा वळताना रगडणं. टाचेखाली आला तर तुम्ही टाच टेकवूनच फिरताय. बोटांच्या टोकांना, पोटाला आला तर बोटं आवळून जमीन पकडायची सवय आहे, घाबरलं किंवा तोल जायला लागला की बोटं आपोआप आवळली जातात, स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ठेवण, जरा उंच घेऊन बोटं मोकळी सोडून बघा. अंगठ्याच्या आतल्या कडेला आला तर मागचा पाय ओढत आणताय, लांब स्टान्समध्ये पुढे सरकताना हे हमखास होतं. केन्डोवाल्यांना डाव्या पायाच्या चवड्यावर येतो कारण ढकलणारा पाय तो, त्यात डावा पाय बाहेर वळलेला असेल तर प्रत्येक झेपेला कातडीला तिरका पीळ बसतो, बोटं समोर ठेवून टाच थोडी उचललेली असली की ओढ सरळ रेषेत राहते. मॅटवर कुस्तीसारखं लोळून खेळणाऱ्यांच्या पावलाच्या वरच्या बाजूला जे लाल होतं ते मात्र खरचटणं आहे, फोड नाही, तिथे टेप किंवा मोजा सरळ काम करतो.

आता चिकटणं. कातडी पूर्ण कोरडी असेल तर पाय थोडा सरकतो, पूर्ण भिजलेली असेल तरी सरकतो, सगळ्यात वाईट म्हणजे दमट, अर्धवट घामेजलेला पाय, आणि क्लासमध्ये बराच वेळ आपला पाय नेमका तसाच असतो. त्यात रेक्झिनसारखं कव्हर असलेली नवी मॅट असेल तर पाय अक्षरशः धरून ठेवला जातो. म्हणून एक छोटा टॉवेल मॅटच्या कडेला ठेवा आणि पाणी प्यायला गेलात की तळवे पण पुसा, बोटांच्या मधे पण. पावडर मी फारशी सुचवत नाही, ती थोडा वेळ चालते मग घामात गोळे होतात आणि मॅटवर सांडली की दुसरा कोणीतरी घसरतो.

ज्यांच्या पायाला खूपच घाम येतो त्यांनी घाम रोखणाऱ्या औषधाचा विचार करायला हरकत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत कॅडेट्सवर याचा अभ्यास झाला होता, तो १९९८ साली छापून आला. चालायला जायच्या आधी किमान ३ रात्री पायाला २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावलेल्यांपैकी २१ टक्के जणांना फोड आले, नुसतं बिनऔषधाचं द्रावण लावलेल्यांत ४८ टक्के जणांना. फरक मोठा आहे, पण औषध लावणाऱ्यांपैकी ५७ टक्के जणांच्या कातडीला त्रासही झाला, आणि ते सगळे बूट घालून चालत होते. त्यामुळे सरसकट लावा असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांना विचारून, रात्री कोरड्या पायाला, आधी छोट्या जागेवर लावून बघा.

किती वेळा, हा तिसरा मुद्दा, तो सोपा आहे पण कोणी पाळत नाही. एका पायावर सलग शंभर किक मारण्यापेक्षा वीस-वीसच्या खेपा करा, मधे पाय बदला, मधे पंचेसचं काम घ्या. एकाच जागेवर सलग ताण बसला की कातडी गरम होते आणि सुटायला लागते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पिव्होटवाले, म्हणजे एका पायावर वळायचे ड्रिल कमी आणि सरळ किक जास्त. घरात अनवाणी चालणं वाढवा, कातडीला हळूहळू सवय लागू दे. मोठी सुट्टी झाली असेल तर जुने घट्टे गेलेले असतात, पण मनाने आपण जुन्याच वेगात परत सुरू करतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात अर्ध्यावरच थांबा. जमीन बदलली, म्हणजे मॅटवरून लाकडी फ्लोअर किंवा कॅनव्हासवर गेलात, तरी असंच नव्याने सुरू करायचं.

घट्ट्यांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. घट्टा हवा, पण पातळ, सपाट आणि लवचिक. जाड, कडा उचललेला घट्टा मॅटवर अडकतो, त्याच्या कडेला सगळी ओढ बसते आणि फोड घट्ट्याच्या खाली धरतो, तो जास्त दुखतो आणि आत असल्यामुळे त्यातलं पाणी काढणंही अवघड. शिवाय कोरडा घट्टा चिरतो आणि ती भेग भरता भरत नाही. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना वजरीने हलकं घासा, आठवड्यातून एकदोनदा पुरे, आजूबाजूच्या कातडीच्या लेव्हलला आला की थांबायचं, गुळगुळीत करायचा नाही. ब्लेडने कापू नका. रात्री झोपताना युरिया असलेलं क्रीम लावा, पण क्लासच्या आधी क्रीम अजिबात नाही, कातडी मऊ होते आणि टेप पण धरत नाही.

टेप लावायचा तर फोड यायच्या आधी, जिथे दरवेळी येतो तिथे. न ताणला जाणारा झिंक ऑक्साइड टेप घ्या, तो अनवाणी कामात टिकतो, कागदी सर्जिकल टेप बुटात ठीक आहे पण मॅटवर लगेच गोळा होतो. पाय साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, स्पिरिटने पुसा. फारच सुटत असेल तर टिंक्चर बेन्झॉइनचा पातळ हात द्या, चिकट झालं की वर टेप, पण फुटलेल्या कातडीवर हे कधीच लावायचं नाही. चवड्यासाठी पट्टी तळव्यावरून आडवी घ्या आणि दोन्ही टोकं पावलाच्या वर आणून संपवा, टोक तळव्यावर राहिलं तर पाच मिनिटांत वळायला लागतं. हे करताना पायावर वजन देऊन उभे राहा कारण उभं राहिल्यावर पाऊल पसरतं, बसून घट्ट लावलेला टेप नंतर आवळतो. अंगठ्याला लावताना एक वेढा पुरे, तो चवड्याच्या पट्टीला जोडा, आणि बोट निळसर पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीखालीच नवीन फोड येतो. टेप क्लासच्या थोडा आधी लावा, घाम आल्यावर लावलेला टिकणार नाही. काढताना ओढून फाडू नका, कोमट पाण्याने भिजवून कातडीला समांतर मागे दुमडत काढा. लाकडी फ्लोअरवर टेप कधी कधी घसरतो, म्हणून पहिले दोन-चार पिव्होट सावकाश करून अंदाज घ्या.

क्लास चालू असताना एखादी जागा गरम लागायला लागली, चुरचुरायला लागली, तर तिथेच थांबा. फोड धरायच्या आधीची ही वेळ असते आणि बहुतेक जण लाजेखातर ती घालवतात. सरांना सांगा, बाजूला जाऊन पाय पुसा, टेप लावा किंवा उरलेला वेळ उभ्या जागचं काम करा. सर लोकांनाही विनंती आहे, मूल पाय दाखवायला आलं तर बघा, त्याला परत लाइनीत पाठवू नका. मॅट शूज किंवा ग्रिपवाले मोजे क्लासमध्ये चालत असतील तर वाईट दिवसांसाठी बॅगेत ठेवा.

आलाच फोड तर काय? छोटा असेल आणि दुखत नसेल तर हात लावू नका, वरची कातडी हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. मोठा, ताणलेला आणि चवड्याखाली असेल तर तो चालतानाच फुटणार, त्यापेक्षा स्वच्छ पद्धतीने पाणी काढलेलं बरं. हात धुवा, जागा स्पिरिटने पुसा, नवीन निर्जंतुक सुई घ्या, फोडाच्या कडेला दोन-तीन बारीक छिद्रं पाडा, कापसाने दाबून पाणी काढा. वरची कातडी कापायची नाही, ती खाली बसू द्या. त्यावर पेट्रोलियम जेली आणि न चिकटणारं ड्रेसिंग. पहिल्या दिवशी पाणी परत भरलं तर परत काढा. फोडात रक्त असेल तर फोडू नका. मधुमेह असेल, पायात रक्त कमी पोचत असेल किंवा बधिरपणा असेल तर घरी काहीच करू नका, सरळ डॉक्टरकडे.

साल आधीच निघाली असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि हायड्रोकोलॉइड पॅच (जेलसारखी चिकटपट्टी) लावा, पण तो घरच्यासाठी, मॅटवर सरकतो. प्रॅक्टिसला जायचंच असेल तर जखम पूर्ण झाकलेली हवी, ड्रेसिंगवर टेप आणि त्यावर मोजा. मॅटवर सगळ्यांचे पाय लागतात, उघड्या जखमेत जंतू शिरायला वेळ लागत नाही आणि तुमच्याकडून दुसऱ्यालाही जातात. मॅटवरून खाली उतरलात की चप्पल, विशेषतः टॉयलेटला जाताना, आणि घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधे कोरडं करायचं.

वरची कातडी शाबूत असेल तर साधारण चार-पाच दिवसांत खाली नवीन कातडी तयार होते, पण ती कच्ची असते. चवड्यावर पूर्ण वजन देऊन सावकाश वळून बघा, दुखलं नाही तर टेप लावून सुरू करा, दुखलं तर त्या दिवशी फक्त हातांचं काम. लाली पसरायला लागली, जागा गरम राहिली, पू आला, वर पायाकडे लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.